नदी पळवणारे चोर

दिग्रसच्या बाजारामागच्या गल्लीत बेबीताईंची पिठाची गिरणी आहे. नवरा गेला तेव्हा दीर म्हणाले, गिरणी विकून टाका. बेबीताईंनी पदर खोचला आणि चक्कीचा पट्टा चढवायला शिकल्या. वाचनाचा नाद मात्र त्यांना कधीच नव्हता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की भिंतीला टेकून पेंगायचं, एवढंच.

उन्हाळ्यात भाची खुशी आली आणि जाताना एक जाडजूड कादंबरी गिरणीत विसरून गेली. बेबीताईंनी तिच्यावरचं पीठ झटकलं आणि सहज पहिलं पान उघडलं. एका राजानं अख्खी नदी तांब्याच्या हंड्यात कोंडून किल्ल्यावरच्या खजिन्यात ठेवली होती. ती पळवायला चार चोर निघाले होते. एकाला आग वश, एकीला पाणी, एकीला वारा, आणि भुवन नावाच्या थोराड, अबोल पोराला माती. चोरच ते, पण बेबीताईंचा जीव त्यांच्यावर जडला.

वाऱ्याची पोरगी पहारेकऱ्यांच्या मशाली विझवत होती, नेमकी तेव्हाच बंजाऱ्यांच्या तांड्यावरची रुपीबाई ज्वारी घेऊन आली. बेबीताईंनी एक डोळा पुस्तकात ठेवूनच ज्वारी चक्कीत ओतली. आधीचं बेसन झाडायचं राहूनच गेलं. पीठ पिवळंधमक पडलं.

“हे काय वं बेबीताई? ज्वारीले हळद लागली काय?” रुपीबाईनं विचारलं.

बेबीताई ओशाळल्या. घरातली ज्वारी आणून दळून दिली आणि दळता दळता खरं कारणही सांगितलं.

“मंग? मशाली इझल्यावर काय झालं?” रुपीबाईनं डबा खाली ठेवला आणि तिथंच बसली.

त्या दिवसापासून ती किलोभर दाणे घेऊन वरचेवर येऊ लागली. दळण नावालाच. चक्की थांबली की बेबीताई वाचायच्या आणि रुपीबाई चोरांना सल्ले द्यायची. भुवनवर तिचा पहिल्यापासून संशय. “बोलत नाही तो. दगा देईन पाहा.”

शेवटची पानं आली तेव्हा बेबीताईंना ती संपवावीशी वाटेनात. चार दिवस त्यांनी पुस्तक फळीवरच ठेवलं. पण एका दुपारी लाइन गेली, चक्की गप्प झाली आणि रुपीबाई हटूनच बसली. चोरांनी हंडा उचलला तसा किल्ल्याचा डोंगर खचू लागला. भुवननं दोन्ही हातांनी खजिन्याचं छत धरून ठेवलं. तिघं नदी घेऊन बाहेर पडले. तो आतच राहिला.

बेबीताईंनी पुस्तक मिटलं. “मी उगाच बोलली त्याले,” रुपीबाई म्हणाली. लाइन आली, तरी कोणी बटण दाबायला उठलं नाही.

मग बरेच दिवस रुपीबाई फिरकली नाही. आली ती हसतच. “तांड्यावर सांगतली ना मी गोष्ट, आमच्या बोलीत. पोरं उठूनच नाही राह्यली. भुवन हिरीतून बाहेर निंगाला तवा लय ओरडले.”

“अवं, पुस्तकात तसं नाही. तो मेला ना!”

“माती वश हाय त्याले. मातीत तो मरन कसा?”

बेबीताईंनी जरा विचार केला. “कोन्या हिरीतून निंगाला?” त्यांनी विचारलं आणि चक्की बंद करून रुपीबाईला बसायला पोतं अंथरलं.