हिरव्या कागदाचा बेल

जर्मनीत ब्राउनश्वाइगला असताना माझी लेक किंडरगार्टनमध्ये सहा महिने एक अक्षर बोलली नाही. घरी मराठीत अखंड टकळी आणि तिथे तोंडाला कुलूप. शेवटी तिथल्या बाईंनी, मुलं त्यांना टांटे, म्हणजे मावशी म्हणत, मला बोलावून सांगितलं की ईस्टरपर्यंत ती बोलली नाही तर तिला घरीच ठेवा. आमचे हे तेव्हा युनिव्हर्सिटीत डॉक्टरेट करत होते. म्हणाले, "ठेवू गं घरी, लहान आहे." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो, उद्या शाळावालेही हेच सांगतील. ती तिथेच बोलेल. मी बघते."

बघते म्हटलं खरं, पण मुलांच्या आयांना आत जायला बंदी. दारात कोट काढून द्यायचा आणि चालू पडायचं.

वाट सापडली ती आमच्या वरच्या मजल्यावर. तिथे एक आयरिश बाई राहायची. मार्चमध्ये त्यांच्या संताचा सण असतो. त्या दिवशी तिनं किंडरगार्टनमध्ये जाऊन मुलांकडून शॅमरॉक, म्हणजे त्यांचं ते तीन दलांचं पान, कागदावर करून घ्यायचं ठरलं होतं. आणि आठवडाभर आधी बाई बर्फावर घसरली, उजवा हात प्लास्टरमध्ये. मी तडक वर गेले. म्हटलं, कात्री मी चालवते, फक्त मला आत घेऊन चल.

तिनं दिलेल्या हिरव्या कागदांची मी दोन दुपारी बसून ढीगभर पानं कापली. सणाच्या दिवशी किंडरगार्टनच्या टेबलावर तो गठ्ठा सोडला आणि आयरिश बाई बघतच राहिली. शॅमरॉकची दलं पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची असतात. माझी लांबट, टोकदार. मी बेल कापला होता! नुकतीच महाशिवरात्र झाली होती. तिकडे बेल कुठून मिळणार, म्हणून असाच कागद कापला होता, आणि लेकीनं एकेक पान पिंडीवर पालथं वाहिलं होतं. हात आपसूक त्याच वळणानं गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आत आलेच होते, आता हलते कशाला? मोडक्या जर्मनमध्ये ठणकावून सांगितलं की आमच्याकडचं शॅमरॉक असंच असतं. आयरिश बाई हसून म्हणाली, तीन दलं आहेत ना, मग चालेल.

मुलं मोठ्या कागदावर पानं चिकटवून हिरवा डोंगर करायला लागली. लेक नेहमीप्रमाणे भिंतीला टेकून उभी. मी तिला हाक मारली नाही, मुद्दामच. जरा वेळानं तीच टेबलापाशी आली. कागदाची एक बाजू चकचकीत होती आणि मुलं ती वर ठेवत होती. तिनं शेजारच्या मुलीचा हात धरला, पान उलटं केलं आणि स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाली, "नाइन! अशी नाही, पालथी ठेवायची." मग तिनं सगळ्या टेबलालाच फैलावर घेतलं. टांटेंचा डिंकाचा ब्रश हातातच राहिला. "गेनाऊ," त्या म्हणाल्या, "अगदी बरोबर, तशीच ठेवू." सगळा डोंगर पालथ्या पानांचा झाला आणि घरी ठेवण्याची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

परतताना मी विचारलं, "काय गं, इतके दिवस गप्प का होतीस?" तिनं खांदे उडवले आणि जर्मनमध्ये सांगितलं, माहीत नाही. दुसऱ्या दिवशीही उत्तर जर्मनमध्येच. हळूहळू घरातली ती मराठी टकळी थांबली ती थांबलीच. मी फार रडले त्या वर्षी. जे हट्टानं मागितलं तेच पदरात पडलं होतं, तक्रार कुणाकडे करणार?

पण हट्ट मीही सोडला नाही. आजवर तिच्याशी जर्मनमध्ये एक वाक्य बोललेले नाही. महाशिवरात्रीला ती येते, माझ्याशेजारी बसून हिरवा कागद कापते. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि पानं मात्र पालथीच ठेवते.