काजळकाकूंची तासभर निवलेली पूड

त्यांना सगळे काजळकाकू म्हणत. टोनरच्या, म्हणजे छपाईच्या काळ्या पुडीच्या कारखान्यात बावीस वर्षं काढल्यावर नखांच्या कडा काळ्या राहणारच. कारखाना कसला, तीन खोल्या. पहिलीत काजळी मिसळलेल्या प्लास्टिकच्या वड्या दळायच्या, दुसरीत ती काळी पूड ढवळायची, तिसरीत डबे भरायचे. ढवळायची खोली काकूंची. तिथे पुडीत सिलिका नावाची बारीक पांढरी भुकटी चिमूटचिमूट मिसळायची. ती कणांच्या अंगावर बसते, मग कण एकमेकांना चिकटत नाहीत आणि झेरॉक्सच्या मशीनमधून पूड सुळसुळ सरकते.

सरकत नव्हती, हेच तर दुखणं. दोन महिने गिऱ्हाइकांच्या कागदांवर राखाडी धुरळा उमटत होता. मालकांनी सरळ सांगून टाकलं होतं: शुक्रवारपर्यंत पूड सुधारली नाही तर तयार माल बाहेरून आणायचा, ढवळायची खोली बंद, काकूंनी डब्यांना लेबलं लावायची. लेबलं! दोन बोटांत पूड चोळून तिची नियत ओळखणाऱ्या बाईनं! काकूंनी सिलिका वाढवून पाहिली, कमी करून पाहिली, दुसरीकडची आणून पाहिली. कागद राखाडी तो राखाडीच.

सगळ्यात मोठी तक्रारखोर नेमकी घरची निघाली. नणंदेचं झेरॉक्सचं दुकान होतं. मंगळवारी ती डबा काखेत मारून थेट ढवळायच्या खोलीत येऊन धडकली. ताजी दळलेली पूड परातीत होती, काकू ती ढवळायला ओतणारच होत्या. पण वन्संनी तोंड सोडलं की माणसाला दुसरं काही करता येत नाही. तासभर खडाजंगी झाली. कधीकाळी उसनी नेऊन फोडलेली बरणीसुद्धा त्यात निघाली. मग ती गेली, काकूंनी घाम पुसताना कपाळ काळं करून घेतलं आणि तीच पूड, त्याच मापानं, ढवळून टाकली.

बुधवारी चाचणीचा कागद बाहेर आला आणि काकूंनी चष्मा काढून पुसला. कागद पांढराशुभ्र, अक्षरं कोरल्यासारखी. दुसरा तसाच. पन्नासावाही तसाच. मालक धावत आले, काय घातलंत म्हणून विचारू लागले.

"काही नाही," काकू म्हणाल्या, "भांडले."

पण डोकं भिरभिरत होतं. माप तेच, सिलिका तीच. मग वेगळं काय घडलं? पूड तासभर परातीत पडून राहिली, एवढंच. पूड उघड्यावर दमट होते, म्हणून दळली की लगेच ढवळायची, हा नियम कुणी घातला होता? त्यांनीच! जुन्या चक्कीला तो चालून गेला. दोन महिन्यांपूर्वी दुप्पट वेगाची नवी चक्की आली, तिच्यातून पूड कोमट पडू लागली. कोमट कण मऊ असतात. सिलिका त्यांच्या अंगावर बसायची सोडून आत रुतत होती. हाताला चटका बसत नाही म्हणून कुणाला सुचलंच नाही.

गुरुवारी काकूंनी दोन बरण्या मांडल्या, एकीत कोमट ढवळलेली पूड, दुसरीत निवलेली. बरण्या आडव्या केल्या. पहिलीतली ढेकळासारखी कोसळली. दुसरीतली पाण्यासारखी वाहिली. काकू त्या बरण्या घेऊन अक्षरशः पळत मालकांकडे गेल्या आणि चूक माझीच होती हेही एका दमात सांगून मोकळ्या झाल्या. मालक बरणी उलटीसुलटी करत बसले, लहान मुलासारखे.

शुक्रवारी नवा डबा घेऊन काकू स्वतः नणंदेच्या दुकानात उभ्या राहिल्या. दोनशे कागद निघाले. नणंदेनं शेवटचा कागद खिडकीच्या उजेडात धरला, तिरका केला, भिंगाखाली घातला. नावं ठेवायला तिला काहीच सापडेना.

"वहिनी, बोलायला जागाच ठेवली नाहीस तू," ती नाखुशीनं म्हणाली. मग मंगळवारची सगळी हकिगत ऐकल्यावर तिची मान ताठ झाली. "म्हणजे हे माझ्यामुळे झालं. डब्यावर माझं नाव घाल."

"ते तिसऱ्या खोलीत जाऊन सांगा, वन्सं," काकू पदराला हात पुसत म्हणाल्या. "मी लेबलं लावत नाही."