बॉलपेनचा गोल

धुळ्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरभाऊंना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. कुणाच्या डोळ्यात काय झालंय, ते बाहेरच्या रिक्षावाल्यांनाही कळायचं. माझा डोळा तिसऱ्यांदा लालभडक झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सूज आतली आहे. त्यामागे टीबी नाही ना, बघू." भाऊंनी माझ्या हातावर टीबीच्या चाचणीची सुई टोचली, भोवती बॉलपेनने गोल काढला आणि गरजले, "तीन दिवसांनी दाखवायचं! गोल पुसायचा नाही!"

तिसऱ्या दिवशी गोलात टपोरी गाठ आली; गाठ म्हणजे टीबीची शंका, एवढं मला ठाऊक होतं. घाबरून मी दवाखान्याऐवजी सोनगीरला लग्नाला गेलो, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. पंगतीत शेजारी माझे होणारे सासरे. आणि बुंदी वाढायला आले ते भाऊच! नवरीचे मामा निघाले.

त्यांनी परात खाली ठेवली, माझी बाही वर सारली आणि खिशातल्या प्लास्टिकच्या पट्टीने गाठ मोजली. अख्खी पंगत बघत राहिली. सासऱ्यांचा घास हातातच थांबला. मी डोळे मिटले.

"काई नही! यासले गांधीलमाशी चावेल शे!" भाऊ गरजले.

मग बुंदी वाढायला वाकून कानाशी म्हणाले, "सोमवारी छातीचा फोटो काढू." इतकं हळू, की मला दोनदा विचारावं लागलं.