फिरकीचा तांब्या

आमचं सिल्वासातलं घर बघून पुण्या-नाशिकचे लोक खुळावून जायचे. ह्यांच्या फॅक्टरीतले इंजिनियर कधी चहाला आले की बसायच्या आधी मान वर करून सागवानी तक्तपोशी बघायचे, मग खालची नक्षीदार फरशी, मग खिडकीच्या लाल-निळ्या काचा. "वहिनी, काय नशीब काढलंत! असं विंटेज घर आता बघायला मिळत नाही." मी आपली हसून चहा द्यायचे. मनात म्हणायचे, या ना, आठ दिवस राहा, मग बोला नशिबाचं.

घर पोर्तुगीजांच्या अमलातलं. कुणा अधिकाऱ्यानं हौसेनं बांधलेलं. पुढे एका गुजराती किराणावाल्या शेटनं ते घेतलं आणि आम्हाला भाड्यानं दिलं. तक्तपोशीच्या वर वटवाघळं. त्यांच्या लेंड्या फटीतून खाली पडायच्या, आणि पावसाळ्यात त्याच फटीतून पिवळं पाणी गळायचं. एकदा ते नेमकं उघड्या वरणात गळलं. अख्खं पातेलं परसात ओतून आले आणि दिवसभर माझ्या घशाखाली काही उतरलं नाही. परसातल्या संडासाच्या टाकीचं झाकण फुटलेलं, तिथून संध्याकाळी झुरळांची वरात निघायची. भिंती हातभर जाड, चुन्याच्या. एकदा काही आत मुरलं की त्या ते सोडायच्या नाहीत.

पण वटवाघळांचं, झुरळांचं मी चालवून घेतलं असतं. ती मुकी बिचारी. माणसांचं काय करायचं?

गुजरातेत दारूबंदी, पण सिल्वासा केंद्रशासित, म्हणून आमच्याकडे मोकळं रान. शनिवार आला की वापी, वलसाड, सुरतेकडच्या गाड्यांची रांग लागायची. आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना बार. मधे आमचं खांबांचं, व्हरांड्याचं, रंगीत काचांचं घर. मग काय, लोकांना वाटायचं, हाच तो खास बार. सरळ व्हरांड्यात येऊन वेताच्या खुर्च्यांवर बसायचे आणि आत बघून ओरडायचे, "ओ बॉस, दो ठंडी बियर!" एकानं तर शर्ट काढून आमच्या खुंटीला लावला. ह्यांचा स्वभाव असा, की फॅक्टरीत नवीन आलेलं कुणी असेल म्हणून त्याला चहा दिला, वर बिस्किटं दिली. तो मेला म्हणतो, "चाय के साथ नहीं, चखना दारू के साथ देना." मी आतून लाटणं घेऊन आले तेव्हा पळाला. शर्ट तसाच राहिला. मी तो काठीनं उचलून गटारात ढकलला.

परक्याला हाकलता येतं हो. घरच्याला कसं हाकलणार?

माझे जेठ, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, सुरतेला उधन्यात पॉवरलूमवर होते. सासरे लवकर गेले, तेव्हा ह्याच भावानं रात्रपाळ्या करून ह्यांना आयटीआयला घातलं. त्यामुळे ह्यांच्या लेखी दादा म्हणजे देव. आणि हा देव दर शनिवारी दोन मित्रांना घेऊन आमच्याकडे 'बसायला' यायचा. सुरतेत चोरून प्यावी लागते, इथे भावाचं घर आहे, पंखा आहे, दिवाण आहे, आणि चखणा तळायला मी आहे. भाजके शेंगदाणे चालायचे नाहीत त्यांना. सुके बोंबील हवेत, तेही कुरकुरीत.

ह्यांनी स्वतः कधी थेंब घेतला नाही, तेवढं खरं. पण समोर बसून सोडा ओतायचे आणि "दादा, अजून बर्फ?" म्हणायचे. ते बघूनही मला ओकारी यायची.

रविवारची सकाळ मला अजून आठवते आणि अजून मळमळतं. दिवाणावर तिघं आडवेतिडवे, तोंडं उघडी. फरशीवर बोंबलाची डोकी, अंड्याची टरफलं, ग्लासात विझवलेल्या विड्या. आणि कोपऱ्यात, त्या सुंदर नक्षीच्या फरशीवर, कुणीतरी ओकलेलं. फरशीच्या सांध्यांत ते असं जायचं की काडीनं कोरून काढावं लागायचं. कामाला येणारी बाई जवळच्या रांधा गावाहून यायची. तिनं पहिल्याच रविवारी हात जोडले. "बाई, भांडी घासीन, हे नाय." तिचं बरोबरच होतं. मग मी बादली घ्यायची, राख टाकायची, नाकाला पदर लावायचा आणि पुसायचं.

आणि पदर नाकालाच नाही, डोक्यावरही हवा. आम्हा खानदेशातल्या बायकांची रीत अशी की जेठासमोर डोकं उघडं ठेवायचं नाही आणि त्यांच्याशी तोंड उघडून बोलायचं नाही. काही सांगायचं तर नवऱ्यामार्फत. म्हणजे ज्या माणसाची ओकारी मी हातानं काढत होते, त्याच्याशी बोलले तर मी निर्लज्ज! कुणाची अक्कल म्हणायची ही? मी ह्यांच्याकडे रडायचे, भांडायचे. "सांगा ना त्यांना." हे म्हणायचे, "सांगतो, सांगतो." सांगतात कसले! शनिवार आला की हे बर्फ आणायला पुढे.

मला खरी धास्ती होती ती माझ्या वडिलांची.

आबा नंदुरबारला प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांचा बाप पिऊन मेला. लहानपणी बापासाठी बाटली आणायला आबांनाच पाठवायचे, आणि उशीर झाला तर मारही आबांनाच. मोठेपणी त्यांनी एक नेम धरला: ज्या घरात दारू पितात त्या घरचं पाणी प्यायचं नाही. सख्ख्या बहिणीच्या घरी लग्नात गेले, तिच्या नवऱ्याच्या तोंडाला वास आला, तसेच उभ्या उभ्या अक्षता टाकून परत फिरले. आत्या रडली, पण आबा बधले नाहीत.

माझं लग्न होऊन सहा-सात वर्षं झाली, मुलगी पाच वर्षांची झाली, तरी आबा माझ्या घरी आले नव्हते. आधी नोकरी, मग आईचं दुखणं. रिटायर झाल्यावर मात्र म्हणाले, आता पोरीचं घर बघायचं. मला आनंद व्हायचा सोडून घाम फुटला. आबांनी माझ्या घरचं पाणी नाकारलं तर? मग मी कुठल्या तोंडानं माहेरी जायचं, आणि कुठल्या तोंडानं इथे राहायचं?

ह्यांना मी पहिल्यांदा सरळ धमकी दिली. मग ह्यांनी दादांना काहीतरी थाप मारली आणि ते सलग दोन शनिवार आले नाहीत. त्या दिवसांत मी घर असं काही घासलं की विचारू नका. दिवाणाची गादी उन्हात टाकली, फरशी सोड्यानं घासली, भिंतीतलं कपाट, ज्यात त्यांची उरलेली बाटली असायची, ते रिकामं करून आतून चुना लावला. फिनेलच्या बाटल्या संपवल्या. रोज संध्याकाळी लोबान फिरवला. शेवटी मी दिवाणखान्याच्या मधोमध उभी राहून लांब श्वास घेतला. स्वच्छ! फिनेल आणि चुना, बाकी काही नाही. जीव भांड्यात पडला.

आबा बुधवारी आले. नंदुरबारहून सुरत, सुरतेहून वापी, तिथून जीपनं. पांढरं धोतर, टोपी, आणि खांद्याला अडकवलेला फिरकीचा पितळी तांब्या. आमच्याकडे जुनी माणसं प्रवासाला निघाली की घरचं पाणी ह्यात भरून, वरून फिरकीचं झाकण लावून घेतात. मी धावत व्हरांड्यात गेले. आबा हसत होते. म्हणाले, "पत्ता विचारला तर स्टँडवर सांगतात, दोन बारच्या मधलं घर. चांगला शेजार धरलास पोरी."

"तो शेजारचा धंदा आहे आबा, आपला काय संबंध?" मी म्हटलं. "या ना आत."

पाया पडले, पाणी आणायला वळले. आबांनी उंबऱ्यात एक पाय ठेवला आणि थांबले. त्यांचं नाक जरासं फुललं. मग त्यांनी मान फिरवून दिवाणखान्याकडे, त्या दिवाणाच्या भिंतीकडे पाहिलं. हसू गेलं. उंबऱ्यातला पाय त्यांनी मागे घेतला.

"आबा, काय झालं?"

"वास आहे," आबा म्हणाले.

"फिनेलचा आहे आबा."

"पोरी, मला नको सांगूस. हा वास मी पाळण्यात असल्यापासून ओळखतो."

मी त्यांच्या शेजारी उंबऱ्यात उभी राहून वास घेतला. पुन्हा घेतला. देवाशपथ सांगते, मला काही येत नव्हतं. फिनेल, चुना, एवढंच. मी म्हटलं, "आबा, हे पीत नाहीत हो. ह्यांनी कधी हात लावला नाही."

"मग कोण पितं?"

आबांनी खुर्ची नुसती फडक्यानं झटकली आणि व्हरांड्यात बसले. मी पाण्याचा पेला घेऊन उभी. त्यांनी तो घेतला नाही. तांब्याची फिरकी उघडली, नंदुरबारचं पाणी वरून घोट घोट प्यायले, आणि झाकण लावून टाकलं. नातीला मांडीवर घेतलं, तिला खारका दिल्या, पाढे म्हणायला लावले. माझ्याशीही बोलले, आईच्या गुडघ्यांविषयी, गावच्या पावसाविषयी. रागावले असते तर बरं झालं असतं. दुपारच्या जीपनं परत गेले. हे फॅक्टरीतून आले तेव्हा आबा वापीला पोचलेसुद्धा असतील.

मी आत आले. भिंतीला नाक लावलं, गादीला लावलं, कपाटात डोकं घातलं. काही नाही. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, "तुला येतो का गं कसला वास?"

"येतो की."

"कसला?"

ती म्हणाली, "आपल्या घराचा."

परसात जाऊन ओकले. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी नाक मुरडते आहे, मला शिसारी येते आहे, म्हणजे मी त्या घाणीच्या बाहेर आहे. कसली बाहेर! वास माझ्या नाकात इतका मुरला होता की कळेनासा झाला होता, आणि माझी पोर त्यालाच घर समजत होती.

शनिवारी जीप थांबली. जेठ आणि त्यांचे दोघे मित्र उतरले, एकाच्या हातात पिशवी, पिशवीत खळखळाट. हे बाहेर धावले. मी दारात येऊन उभी राहिले. पदर डोक्यावर घेतला नव्हता, कमरेला खोचला होता.

"दादा," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी बोलत होते. आवाज मोठा निघाला. "जेवायला या, चार दिवस राहा, मी गरम भाकरी वाढीन. पण ह्या घरात आजपासून बसायचं नाही. बाटली उंबऱ्याच्या आत येणार नाही."

जेठ ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "हिला वाचा आहे होय रे?"

हे फरशीकडे बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस मलाच आत ढकलणार. पण हे चाचरत म्हणाले, "दादा, शेजारी आता एसी लावलाय. चला, मी तुम्हाला सोडतो तिथं."

मी तिथल्या तिथे हसणार होते. एवढ्या वर्षांत नवऱ्याच्या तोंडून एक वाक्य निघालं तेही असलं! पण निघालं. जेठ गेले ते शेजारीही बसले नाहीत, त्याच जीपनं परत गेले. जाऊबाईंनी पुढे सगळ्या नात्यात सांगितलं की धाकटीनं भाऊ तोडला. हे कितीतरी दिवस माझ्याशी तुटक बोलायचे. बोलोत. गादी मी जाळली, दिवाण भंगारवाल्याला दिला, भिंतीचा चुना खरवडून नवा लावून घेतला. आणि रोज शाळेतून आल्यावर मुलीला दारात उभं करून विचारायचे, "येतो का गं?" ती नाक वर करून हुंगायची आणि म्हणायची, "थोडा." मला तर त्या घरात तो वास कधी आलाच नाही.

पुढच्या थंडीत आबा परत आले. मी बोलावलं नव्हतं, तेवढं धाडस नव्हतं. आईनं सांगितलं असणार काहीतरी. तेच धोतर, तीच टोपी, खांद्याला तोच तांब्या. उंबऱ्यात थांबले. मी त्यांच्या नाकाकडे बघत उभी.

"आहे अजून," आबा म्हणाले.

लाज, राग, त्या भिंतींची किळस, सगळं एकदम वर आलं. हे घर पेटवून द्यावं असं वाटलं.

आबांनी वहाणा काढल्या, उंबरा ओलांडला आणि जिथे दिवाण असायचा तिथे, फरशीवर, भिंतीला पाठ टेकून बसले.

"जुनं घर आहे," ते म्हणाले. "जायला वेळ लागणार. पाणी आण."

मी पेला दिला. त्यांनी तो एका दमात संपवला आणि पुढे केला, तेव्हा दुसरा भरून दिला. मग खांद्यावरचा तांब्या काढला, फिरकी उघडली आणि माझ्या हातात देत म्हणाले, "हे झाडाला ओत. आणि परवा निघेन तेव्हा तुझ्या घरचं भरून दे."