मारुती उजव्या हाताला

धावायच्या आधी ती वेणीचं टोक दातांत धरायची. काहून म्हणून विचारलं तर म्हणायची, "सुटी ठेवली तं पाठीवर मारते. मी काय बैल आहो?" मग बाकीच्या पोरींकडे बघून हात हलवायची. "तुमी व्हा पुढं, मी आलोच." आम्ही पुढे व्हायचो, आणि ती खरंच यायची, येऊन निघूनही जायची. तिच्या पाठीखेरीज मी तिचं धावणं फारसं पाहिलेलं नाही.

नाव सांगत नाही. सांगितलं तर आसेगावकडची दोन-चार माणसं लगेच ओळखतील, आणि तिला त्याचा काही उपयोग व्हायचा नाही. तुमच्या शाळेतही अशी एक मुलगी असेलच. तीच ही, असं समजून वाचा.

आमचं गाव अनसिंगपासून पुढे, सडकेला लागून. तिचं घर नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत. वडील सडकेवर मैलकुली होते, म्हणजे सरकारी सडकेचे खड्डे बुजवायचे, कडेची झाडं सांभाळायची. ते रोज कुठल्या मैलावर असतील याचा नेम नसे. सकाळी घरचं पाणी भरून झालं की ती त्यांची भाकर घेऊन सडकेनं निघायची, ते सापडतील तिथे फडकं ठेवायची आणि तिथून पळत शाळेला यायची. शाळा सुटून घरी जातानाही पळायची, कारण घरी परत पाणी होतंच. लोक तिला म्हणत, "काहून पळून राह्यली वं, मागं वाघ लागला का?" वाघ लागला असता तर एखाद वेळी थांबला असता. कामं थांबत नव्हती.

आमच्या शाळेचं मैदान तालुक्यात सगळ्यांत मोठं. पण त्याच्या मधोमध मारुतीचा पार. शाळा नंतर आली, मारुती आधीचा. मैदान शाळेला देताना गावानं एक अट घातली होती. कागदावर नव्हती, पण कागदापेक्षा पक्की होती: पोरांनी पळायचं तर मारुतीला उजव्या हाताला ठेवून पळायचं. देवाला डावं घालायचं नाही. कवायत असो, शर्यत असो, आमच्या शाळेची सगळी पोरं प्रदक्षिणा घालावी तशीच पळायची. सगळीकडे असंच पळतात, अशी आमची समजूत होती.

आता यातली गंमत बघा. पारावर चढून त्या मारुतीला हात लावायची त्या काळी तिच्या वस्तीला मुभा नव्हती, आणि वस्तीनं हे देव सोडून दिलेले होते. तरी त्याला तिच्याइतक्या प्रदक्षिणा अख्ख्या गावात कोणी घातल्या नसतील. मी एकदा तिला तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मंग त्यानं मले पावाले पायजे का नाई?" आणि दोघी हसत सुटलो.

आम्ही दहावीत गेलो त्या वर्षी शाळेत नवे पी.टी. सर आले. अमरावतीकडचे, शिकून आलेले, तरुण. पहिल्याच दिवशी त्यांनी मुलांना पळताना पाहिलं आणि शिट्टी तोंडातच धरून उभे राहिले. "अरे, उलटे कुठे पळता? मैदान डाव्या हाताला पाहिजे!" पोरं म्हणाली, "सर, मंग मारुती डाव्या बाजूले येते ना." सरांना वाटलं पोरं थट्टा करताहेत. शिपायानं त्यांना बाजूला घेऊन समजावलं.

त्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धा आमच्याच मैदानावर झाल्या. बाहेरगावचे मास्तर चुन्याच्या रेषा बघून कुरकुरायला लागले. सरपंच पारावरूनच म्हणाले, "आमच्या गावात पळाचं तं मारुतीले उजवं ठेवून पळा. नाई तं पाव्हणचार घ्या अन् जा." पाहुणचार चांगला होता, म्हणून ते राहिले. वळणावर त्यांची पोरं एकमेकांच्या पायात येऊन पडली आणि आमच्या शाळेनं पळण्याच्या जवळजवळ सगळ्या शर्यती मारल्या. गावात गुलाल उधळला गेला. सगळं श्रेय मारुतीला गेलं.

आठशे मीटरमध्ये ती पहिली आली. मैदानाच्या दोन फेऱ्या, आणि दुसरीला तिनं इतकं मागे टाकलं की टाळ्या वाजवणारे गोंधळले. मीसुद्धा निवडले गेले, गोळाफेकीत. हसू नका. पोरीला एकटीला पुरुष मास्तरांबरोबर जिल्ह्याला कसं धाडायचं, जोडीला पोरगी पाहिजे, असं ठरलं आणि अंगानं मी बरी होते. गोळा पायावर पाडून न घेणं एवढीच माझी कामगिरी.

आता मूळ गोष्ट. आसेगावकडच्या तिच्या आत्यानं तिला आपल्या मुलासाठी मागितलं होतं. मुलगा वाईट नव्हता, पण लग्न येत्या उन्हाळ्यातच हवं होतं आणि मॅट्रिक अकरावीची. म्हणजे शाळा एक वर्ष आधीच तुटणार. सर तिच्या घरी गेले, मीही बरोबर होते. सरांनी सांगितलं की जिल्ह्यात पहिल्या दोघी येतात त्या विभागाला अमरावतीला जातात, तिथे नाव झालं तर पुढे कॉलेजात, वसतिगृहात जागा मिळू शकते.

"सर, माझ्या मनात तिची मॅट्रिक व्हावीच हाये," तिचे वडील म्हणाले. "पन बहिनीले काय सांगू? पोरगी हुशार हाये, हे सारेच बाप सांगतेत. अमरावतीले निवड झाली तं मी तोंड वर करून सांगीन का थांब. नाई झाली, तं माझ्याजवळ बोलाले काई राहत नाई."

ती दाराशी उभी राहून ऐकत होती. परत निघताना ती मला नाल्यापर्यंत पोचवायला आली आणि म्हणाली, "दोघीत यायचं हाये. पयली नाई आलो तरी चालते." तिला ते सोपं वाटत होतं. मलाही वाटलं होतं, कारण तिला हरवणारी पोरगी मी पाहिलीच नव्हती.

सरांना मात्र झोप लागत नसावी. ते तिला सडकेवर पळवायचे, पण सडक सरळ. वळण कुठे शिकवायचं? शेतं तुरी-कपाशीनं भरलेली, मोकळी जागा नाही. शेवटी ते पारावर गेले. गावातली मोठी माणसं बसली होती, माझा बापही होता. सर हात जोडून म्हणाले, फक्त जिल्ह्याच्या स्पर्धेपर्यंत, फक्त या एका मुलीला डावीकडून पळू द्या. शरीराला सवय व्हावी लागते.

एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, डाव्या फेऱ्या मसनात घालतेत. जित्या पोरीले कायले घालाले लावता?"

दुसरा कोणी तरी म्हणाला, "अन् त्या वस्तीच्या पोरीनं मारुतीले डावं घातलं, तं उद्या गावात काय होईन, ते तुमी निस्तराल का?" माझा बाप तंबाखू मळत बसला. घरी आल्यावर मी त्याच्याशी भांडले. तो म्हणाला, "तू गोळा फेक, तोंड नको फेकू." मला त्या दिवशी सगळ्या पाराचाच राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

सरांनी तरी धीर सोडला नव्हता. गावाचं काय ऐकायचं, मी पळवतो, असं ते वस्तीत जाऊन म्हणाले. अडवलं ते तिच्या वडिलांनी. "सर, तुमचं बराबर हाये. पन वस्तीतल्या साऱ्या बाया ह्या गाववाल्याहिच्याच वावरात कामाले जातेत. माझ्या पोरीच्या पळन्यापायी त्याहिचं काम नको जाऊ. ती हाये तशीच पळू द्या." ती शेजारीच उभी होती. तिनं वडिलांकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "चालते सर. पाय तं तेच हायेत ना." दुसऱ्या दिवसापासून ती परत मारुती उजव्या हाताला ठेवून पळायला लागली.

जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी आम्ही वाशीमहून छोट्या लाइनीच्या गाडीनं अकोल्याला गेलो, आमचा जिल्हा तेव्हा तोच. ती पहिल्यांदाच आगगाडीत बसत होती. सबंध वाटेत खिडकी सोडली नाही, आणि गाडी थांबली की विचारायची, "आता आपल्याले सडकेचा कितवा मैल लागला असता?" मुक्कामाच्या खोलीत तिनं माझ्या भावाची खाकी चड्डी शाळेच्या निळ्या स्कर्टखाली घालून बघितली तेव्हा आम्ही इतक्या हसलो की सरांना बाहेरून दार वाजवावं लागलं.

तिथलं मैदान तिनं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालून पाहिलं. मधोमध काहीच नाही. पार नाही, झाड नाही, नुसतं टेबल आणि त्यावर पाण्याचा जग. सरांनी आदल्या संध्याकाळी तिला डावीकडून दोन-चार वळणं पळवून पाहिली. ती थांबली, कपाळाला हात लावला. "मले गरगरते, सर. सारं आंग तिकडं ओढते." सर म्हणाले, "डावा खांदा आत. वळणावर डावीकडे झुक." ती झुकायचा प्रयत्न करायची आणि पाय अडखळायचा. पाय तेच होते, पण त्यांना वळण येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी माझा गोळा जेमतेम फेकून दोरीपाशी येऊन उभी राहिले. तिनं वेणी दातांत धरली. बार झाला. सरळ रस्त्यावर ती सगळ्यांच्या पुढे, आणि वळण आलं की बाहेर, बाहेर, कोणी हाताला धरून ओढावं तशी. तेवढ्यात दोघी आतून निघून जायच्या. मग सरळ रस्ता, ती परत त्यांना गाठायची. पुन्हा वळण, पुन्हा बाहेर. मी ओरडत होते, "आत ये वं, आत ये!" तिला ते कळत नव्हतं असं थोडंच आहे. शेवटच्या वळणावर ती इतकी लांब गेली की तिकडच्या प्रेक्षकांनी पाय मागे घेतले. शेवटच्या सरळ तुकड्यात ती जे पळाली तसं कोणाला पळताना मी नंतर कधी पाहिलं नाही. दुसरीच्या खांद्यापर्यंत आली होती. तेवढ्यात शर्यत संपली.

ती तिसरी.

धाप लागलेली असतानाच तिनं सरांना विचारलं, "दोघीच जातेत का?"

"दोघीच."

"मंग ठीक हाये," ती म्हणाली, आणि माझ्या हातातलं पाणी घेऊन प्यायली. मी रडत होते, सर तोंड फिरवून उभे होते, आणि ती आमची समजूत काढत होती. परतीच्या गाडीत मात्र ती खिडकीपाशी बसली नाही. तेव्हा एकदाच म्हणाली, "मी पळन्यात नाई हारलो वं."

फाट्यावर तिचे वडील कामाचं फावडं घेऊन उभे होते. आमची एसटी थांबली, ती उतरली, त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. काय झालं, असं विचारलं नाही. "भाकर खाल्ली का?" एवढंच विचारलं, तिची पिशवी घेतली आणि बापलेक नाल्याकडे चालत गेले. ती त्यांच्या मागून चालत होती, पळत नव्हती. पारावर दुसऱ्या दिवशी चर्चा झाली की पोरीत दमच नव्हता. जिल्ह्याला मारुती नसतो, असंही कोणी म्हणालं.

लग्न वैशाखात, विहारात झालं. पांढरं लुगडं, वंदना, हार, आटोपलंसुद्धा. सर आले होते. तिच्या वडिलांनी त्यांचा हात धरून पहिल्या पंगतीला बसवलं, आणि सर पानावर नुसते बसून राहिले. जून महिन्यात शाळा सुरू झाली तेव्हा त्यांनी चुन्याच्या रेषा परत मारुतीभोवती तशाच आखल्या. अकरावीत मुली आम्ही थोड्याच उरलो होतो.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस आत्याच्या तब्येतीसाठी मला मंगरूळपीरकडे जावं लागलं, माझ्या आत्याच्या. आसेगावच्या पुढे एसटीचं पाणी तापलं आणि गाडी थांबली. ड्रायव्हर डबा घेऊन विहीर शोधायला गेला. सडकेला लागून कपाशीचं वावर होतं, त्यात निंदणाला बाया बसलेल्या. प्रत्येकीची आपली एक ओळ असते, तिला आमच्याकडे पात म्हणतात. सगळ्यांनी बरोबरीनं पुढे सरकायचं, कोणी पुढे जायचं नाही, कोणी मागे राहायचं नाही. शेवटून दुसऱ्या पातीवर ती होती.

मी खिडकीतून तिच्या नावानं हाक मारली. तिनं वर पाहिलं. ओळख पटायला वेळ लागला नाही, तोंडभर हसली आणि उठून उभी राहिली. तिला दिवस गेलेले दिसत होते. हातातलं खुरपं तसंच धरून ती बांधाकडे दोन पावलं आली.

मागून एक म्हातारी म्हणाली, "पात नको सोडू वं सून."

रागानं नाही, साधंच म्हणाली. ती थांबली. मागे वळून पाहिलं, तर बाकीच्या बाया थोड्या पुढे सरकल्या होत्या आणि तिची ओळ रिकामी पडली होती. तिनं माझ्याकडे बघून हात वर केला. मग परत गेली, खाली बसली, आणि भराभर हात चालवत पुढच्या बायांना गाठलं. गाठल्यावर तिनं हात सावकाश केला.

ड्रायव्हर पाणी घेऊन आला. गाडी सुरू झाली तेव्हा मी पुन्हा पाहिलं. पाठी सगळ्या सारख्याच वाकलेल्या होत्या, आणि त्यातली तिची कोणती, ते मला सांगता आलं नाही.