पेटीचा हात

मी इंदापूरच्या एका शाळेत गणित शिकवते. चाळिशी उलटल्यावर पियानो शिकायला लागले तेव्हा लोकांनी मला वेड्यात काढलं. काढू देत. घरी डिजिटल पियानो आणला आणि दर रविवारी बारामतीला पियानोच्या सरांकडे जाऊ लागले.

सरांकडे जुना, उभ्या बांधणीचा अपराइट पियानो होता. घरी नीट वाजणारे माझे हळुवार स्वर त्यानं पहिल्याच दिवशी गिळून टाकले. सर हसले. "ताई, ह्यो पेटीचा हात हाय. असं ग्रँड पियानोवर परीक्षेला बसला तर नापास व्हाल."

खोटं नव्हतं. आमच्या गावच्या, कन्हेरीच्या बुद्धविहारात मी लहानपणापासून पेटी वाजवली. भात्यात हवा असली की पेटीची पट्टी कितीही हळू दाबा, सूर निघतो. डिजिटलही तसाच भिडस्त. त्यात तारा नाहीतच. पट्टी खाली गेल्याचं सेन्सरला कळलं की आवाज येतो. सरांनी अपराइटची पुढची फळी काढून दाखवली. तारा उभ्या, त्यांच्यासमोर हातोडेही उभे. बोट कचरलं की हातोडा तारेपर्यंत पोचतच नाही. शिवाय तोच स्वर लगेच पुन्हा हवा असेल, तर पट्टी जवळजवळ पूर्ण वर येऊ द्यावी लागते. माझ्या परीक्षेच्या धुनेत एकच स्वर हळुवार, पुन्हा पुन्हा वाजवायची एक ओळ होती आणि माझी बोटं तर पट्टीला चिकटलेली.

"बोटं उचला. न्हायतर दुसरी सोपी धून घ्या," सर म्हणाले.

मला संताप आला. ज्या हातानं आईला पेटीवर बुद्धवंदना ऐकवली तो हात मी का टाकू? धून बदलली नाही. वर्षभर फक्त न कचरता दाबायला शिकले. उचलायला नाही.

परीक्षा पुण्यात, ग्रँडवरच झाली. ग्रँडमध्ये तारा आडव्या असतात. हातोडा खालून तारेवर आपटतो, स्वतःच्या वजनानं परत पडतो आणि एक छोटी तरफ त्याला अर्ध्यातच झेलते. त्यामुळे पट्टी पूर्ण वर यायची वाट बघावी लागत नाही. एकाच स्वराची ती हळुवार ओळ आली. बोटं पट्टीवर तशीच ठेवली. एकही स्वर गळाला नाही.

परीक्षक माझ्या हाताकडे बघत होते. "वाजलं छान," ते म्हणाले, "पण तुम्ही बोटं उचलत नाही. ही सवय मोडायला हवी."

"नाही मोडणार," मी उठत म्हणाले. "सगळे सूर आले ना? मग हात माझाच राहील."