लाल रेघेची रुंदी

आत्या गेली, असा बाबांचा फोन आला तेव्हा मी गुडीहत्नूरच्या बाजारात वांगी विकत होतो. तोंडून पहिला शब्द निघाला, "कुठं?" बाबा म्हणाले, "घरीच. आपल्या खोलीत, झोपेत." तराजू तसाच ठेवून मी खाली बसलो. रडलो, पण खरं सांगतो, त्याआधी जीव भांड्यात पडला होता... असं का, ते सांगितल्याशिवाय आत्या कळायची नाही.

तरुणपणीच विधवा होऊन ती भावाकडे, म्हणजे आमच्याकडे आली आणि मराठी शाळेत भूगोलाची बाई झाली. रस्त्याकडची खोली तिची. नकाशा ती भिंतीवर टांगूच द्यायची नाही. "टांगला का पोरं उत्तर दिशा म्हणून छताकडे बोट दाखवतात," म्हणायची. जमिनीवर, उत्तरेकडे उत्तर करून अंथरायची. आम्ही भोवती उकिडवे. राजकीय नकाशात हद्दी बघायच्या, प्राकृतिक नकाशात डोंगर-नद्या. आणि तिथला हिरवा रंग म्हणजे जंगल नव्हे, सखल जमीन, हे तिनं मला कान पिळून शिकवलं.

मागे रस्ता रुंद होणार अशी बोलवा उठली. कोणीतरी मोबाइलवर जिल्ह्याच्या रस्त्यांचा नकाशा पाठवला. त्यावर जाड लाल रेघ, आणि आमचं गाव रेघेच्या पोटात. बाबांनी हायच खाल्ली. जेवण सुटलं, जवळच्या मावला गावात भाड्याची खोली बघू लागले. "अक्के, घर गेलं. तुले कुठं नेऊ आता?" आत्याला गुडघ्यांमुळं चार पावलं चालवत नव्हतं. तिची एकच इच्छा होती, याच खोलीत डोळे मिटावेत.

तिनं चष्मा लावला. "काऊन रडून राह्यला? आधी प्रमाण पाह्य. एका सेंटिमीटरात पाच किलोमीटर. रेघ मिलिमीटरभर, म्हणजे अर्धा किलोमीटर रुंद. येवढा रस्ता कोणी बांधते का, येड्या?" अशा नकाशात रेघ ही रस्त्याची नुसती खूण असते, रुंदी नव्हे, असं तिनं समजावलं. घराचं काय ते कळायला मोठ्या प्रमाणाचा आराखडा लागतो. त्यात जागा थोडीशीच असते, पण सर्व्हे नंबर अन् घरं दिसतात. "तो आण," मला म्हणाली.

मंडल ऑफिसात, म्हणजे आमच्याकडच्या तहसीलीत, खेटे घालून मी तो आणला. खाली अंथरून बाबांनी उत्तर दिशा जुळवली. रस्ता आमचं कुंपण आणि टमाट्याची एक सरी खात होता. घर शाबूत. आत्या कितीतरी वेळ आपल्या खोलीच्या चौकोनावर बोट फिरवत राहिली, मग हळूच बोलली, "जल्मभर नकाशे शिकवले बापा, पण त्या रेघेनं मलेबी झोप नव्हती."

आता रस्ता झालाय. दुःख आहेच, पण तिनं आपल्याच खोलीत डोळे मिटले, याचं समाधान त्याहून मोठं आहे. ट्रक गेला की तिच्या खिडकीची काच अजून थरथरते, आणि बाबा इकडून सवयीनं म्हणतात, "काही नाही अक्के, ट्रक हाये. झोप तू."